पोर्शे ९११ : बदललेला चेहरा आणि दुखावलेले चाहते

श्रोतेहो, नमस्कार.

सप्टेंबर १९९७मध्ये फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात पोर्शे कंपनीने आपल्या ९११ या स्पोर्ट्‌स कारचे नवे रूप लोकांपुढे ठेवले. कारखान्यातल्या क्रमांकाने ओळखायचे तर ही ९९६. ९११च्या आधीच्या पिढीपेक्षा, म्हणजे ९९३पेक्षा, ती १८५ मिलिमीटर लांब आणि ३० मिलिमीटर रुंद होती, तरी वजनाने सुमारे ५० किलो हलकी होती. तिची ताकद २८५वरून ३०० अश्वशक्तीवर गेली होती आणि हवेचा अडथळाही कमी झाला होता. नुसते आकडे पाहणाऱ्याला तक्रारीला जागा दिसली नसती. तरीही जगभरच्या ९११-प्रेमींमध्ये नाराजीची जी लाट उसळली, ती पुढे वीस वर्षे पुरती ओसरली नाही. त्या नाराजीचा एक भाग अगदी रास्त होता आणि दुसरा भाग सपशेल चुकीचा होता, असे माझे मत आहे, आणि आजच्या भाषणात हे दोन भाग वेगळे करून पाहण्याचा माझा प्रयत्न राहील.

सगळा राग एकवटला तो पुढच्या दिव्यांवर. १९६३मध्ये फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे यांनी या गाडीला आकार दिला, तेव्हापासून दोन्ही मडगार्डांच्या टोकांवर दोन गोल दिवे होते. चालकाच्या जागेवर बसले की बॉनेटच्या दोन्ही बाजूंना त्या दिव्यांमुळे वर आलेले मडगार्डांचे उंचवटे दिसत, आणि गाडीचे टोक नेमके कुठे आहे याचा अंदाज चालकाला त्यांवरून येई. नव्या गाडीत मुख्य दिवा, वळणाचा इशारा देणारा दिवा आणि धुक्यातला दिवा हे सारे एकाच पारदर्शक आवरणाखाली आणले गेले. आवरणाच्या वरच्या भागात गोल भिंग आणि त्याच्या खाली बाहेरच्या कोपऱ्याकडे ओघळल्यासारखा दिसणारा नारिंगी पट्टा, असे त्याचे रूप होते. जर्मन चाहत्यांनी त्याला लगेच तव्यावरच्या अंड्याची उपमा दिली आणि ती गाडीला कायमची चिकटली.

कारखान्याच्या दृष्टीने हा दिवा म्हणजे उत्तम कामगिरी होती. वेगवेगळे तीन-चार दिवे बसवण्याऐवजी कामगाराला एकच जोडणी जागेवर सरकवायची होती, आणि पुढे दुरुस्तीच्या वेळी तीच जोडणी पुढच्या डिकीतून एक खिट्टी फिरवून सहज बाहेर काढता येत होती. वेळ आणि पैसा दोन्ही वाचत होते, आणि त्या काळात पोर्शेला दोन्हींची निकड होती. नव्वदीच्या सुरुवातीला कंपनीची विक्री इतकी घसरली होती की तिचे स्वतंत्र अस्तित्वच धोक्यात आले होते. वेन्डेलिन व्हीडेकिंग यांनी कारभार हाती घेतल्यावर उत्पादनाची पद्धत बदलण्यासाठी जपानी तज्ज्ञ बोलावले आणि श्टुटगार्टमधल्या झुफेनहाउझेनच्या कारखान्यात जुन्या सवयी मोडून काढल्या. त्याच काटकसरीतून एक मोठा निर्णय झाला, तो असा की बॉक्स्टर ही स्वस्त गाडी आणि नवी ९११ या दोन्ही मिळून आखायच्या आणि त्यांचे शक्य तितके भाग सामाईक ठेवायचे.

माझ्या मते चाहत्यांची खरी दुखरी नस इथे होती. बॉक्स्टर १९९६मध्ये बाजारात आली, म्हणजे ९११च्या एक वर्ष आधी. तिचे बॉनेट, पुढची मडगार्डे, दारे आणि दिवे हेच पुढच्या वर्षी ९११च्या अंगावर आले. समोरून येणारी गाडी बॉक्स्टर आहे की ९११, हे ती शेजारून निघून जाईपर्यंत कळत नसे. ज्याने कितीतरी अधिक पैसे मोजले आणि ज्याच्या मनात ९११चे स्थान सर्वांत वरचे होते, त्याला आपल्या गाडीने धाकट्या बहिणीचा चेहरा उसना घेतल्यासारखे वाटले. चाहत्यांची ही तक्रार मी पूर्णपणे रास्त मानतो. डिझायनर पिंकी लाइ आणि डिझाइन विभागाचे प्रमुख हार्म लागाय यांनी छपराची उतरती रेषा आणि मागच्या चाकांवरची रुंद कमान कौशल्याने जपली, पण चेहरा वेगळा ठेवायला हवा होता, आणि ते बिघडलेले चाहत्यांच्या नजरेने पहिल्याच दिवशी हेरले. अमेरिकेत २०१३ साली शेव्हरोले कंपनीच्या कॉर्व्हेट या वेगवान गाडीच्या नव्या रूपात मागचे गोल दिवे जाऊन चौकोनी आले, तेव्हाही जुन्या चाहत्यांचे म्हणणे असेच होते की ही गाडी आता त्याच कंपनीच्या, तुलनेने स्वस्त असलेल्या कॅमेरोसारखी दिसते. गाडीची ओळख तिच्याच घरातल्या दुसऱ्या गाडीत मिसळून जाणे, हा चाहत्यांच्या जिव्हारी लागणारा घाव आहे.

आता दुसऱ्या भागाकडे येतो. ९९६मध्ये पहिल्यांदाच ९११चे इंजिन हवेऐवजी पाण्याने थंड होऊ लागले. चौतीस वर्षे या गाडीच्या मागच्या झाकणाखाली एक मोठा पंखा फिरत आला होता, त्याची घरघर आणि सहा आडव्या सिलिंडरांचा कोरडा, खरखरीत आवाज मिळून ९११चा स्वर बनला होता. इंजिन गरम आणि चालू ठेवून तेलाची पातळी पाहायची, ही त्या मालकांची जुनी रीत होती. इंजिन मागे असले तरी आता रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही बाजूंना गेले आणि पाण्याच्या नळ्या गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावू लागल्या. ही खरी ९११ नव्हेच, असे अनेकांनी तेव्हा बोलून दाखवले आणि हवेने थंड होणाऱ्या जुन्या गाड्या उराशी धरून ठेवल्या.

त्यांचे दुःख मला समजते, पण त्यांचा निष्कर्ष पटत नाही. प्रत्येक सिलिंडरला चार झडपा (व्हॉल्व्ह) दिल्या की जास्त ताकद मिळते आणि इंधनही अधिक स्वच्छ जळते, मात्र त्या चार झडपांच्या दाटीत सर्वाधिक तापणाऱ्या भागापर्यंत पुरेशी हवा पोहोचवणे फार अवघड जाते. शिवाय आवाज आणि धूर यांवरचे नियम दरवर्षी कडक होत होते, आणि इंजिनाभोवती पाण्याचा थर असला की आवाजही दबतो. पोर्शेच्या अभियंत्यांना हे फार आधी कळले होते. त्यांच्या ९५६ आणि ९६२ या शर्यतीच्या गाड्यांत आणि ९५९ या प्रसिद्ध गाडीतही सिलिंडरांची डोकी, म्हणजे झडपा असलेला वरचा भाग, पाण्यानेच थंड केली जात होती. शर्यतीच्या ज्या गाड्यांवर चाहते जीव ओवाळून टाकत, त्यांतले पाणी त्यांना खुपले नव्हते.

पुढे ९९६च्या साध्या आवृत्त्यांतला एक गंभीर दोष उघड झाला. इंटरमीडिएट शाफ्टला, म्हणजे मुख्य दांड्याची गती झडपांच्या यंत्रणेकडे नेणाऱ्या इंजिनातल्या दांड्याला, आधार देणारे बेअरिंग काही गाड्यांत निकामी होई आणि त्यासरशी सबंध इंजिन नष्ट होई. नाराजांना जणू पुरावाच सापडला. पण त्या दोषाचा पाण्याशी काही संबंध नव्हता. त्याच पिढीतल्या टर्बो आणि जीटी३ या आवृत्त्यांची इंजिनेही पाण्यानेच थंड होत, मात्र ती शर्यतीच्या गाड्यांपासून आलेल्या वेगळ्या बांधणीची होती आणि त्यांत हे बेअरिंग नव्हते. आज त्या दोन्ही आवृत्त्यांना जाणकार मोठ्या आदराने वागवतात. दिवा, पाणी आणि बेअरिंग या तीन वेगळ्या गोष्टी होत्या, पण चाहत्यांच्या मनात त्यांचे एकच गाठोडे झाले, आणि त्यामुळे ९९६ला तिच्या लायकीपेक्षा खूपच कमी मान मिळाला.

आणि ग्राहकांनी तिच्याकडे पाठ फिरवली असेही नाही. ९९३च्या सुमारे ६८ हजार गाड्या बनल्या होत्या, तर ९९६च्या सुमारे १ लाख ७५ हजार. जुने चाहते चिडले असताना नवे ग्राहक आले आणि त्यांनीच कंपनी तारली. तरीही कंपनीने चाहत्यांचा आवाज कानाआड केला नाही, आणि यामागे तिचा इतिहास आहे. १९७७मध्ये पुढे इंजिन असलेली ९२८ आणून कंपनी ९११ला निरोप देण्याच्या बेतात होती. १९८१मध्ये प्रमुखपदी आलेल्या पीटर शुट्झ यांनी भिंतीवरच्या तक्त्यात त्याच वर्षी थांबलेली ९११ची रेघ पेनाने थेट भिंतीवरून पुढे ओढत नेली, ही हकिगत ते स्वतः सांगत असत. ९११वर माया असणाऱ्या माणसांचे वजन कंपनीला तेव्हाच कळून चुकले होते. म्हणूनच २००१मध्ये ९९६च्या साध्या आवृत्त्यांना टर्बोचे वेगळे दिवे मिळाले आणि २००४च्या ९९७मध्ये गोलसर दिवे पुन्हा जागेवर आले. पाणी मात्र गेले नाही, आणि ९९७चे स्वागत करताना फारच थोड्यांनी त्याची आठवण काढली.

काळाने त्या नाराजीची धारही बोथट केली. २०२२मध्ये पोर्शेने अमेरिकेतल्या पोर्शे क्लबसाठी एकच खास गाडी घडवली, आणि त्यासाठी पाया म्हणून निवडली ती एक जुनी ९९६. छपरावर दोन उंचवटे आणि मागे बदकाच्या शेपटीसारखा पंख देऊन तिला सजवले गेले. ज्या पिढीला चाहत्यांनी नाकारले होते, तिलाच चाहत्यांच्या संघटनेने असा मान द्यावा, याचा मला मनापासून आनंद झाला.

मे २०२४मध्ये ९११मध्ये पुन्हा मोठा बदल झाला. जीटीएस आवृत्तीत इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आली. त्याच वेळी चालकापुढच्या पाच तबकड्यांपैकी मधली, इंजिनाचे फेरे दाखवणारी, खऱ्या काट्याची तबकडी गेली आणि तिच्या जागी सलग पडदा आला. या पडद्यावर जुन्या पाच तबकड्यांचे चित्र उमटवता येते, तरी काटा गेल्याची हळहळ चाहत्यांनी मोकळेपणाने व्यक्त केली. विजेच्या मोटरीचा निवाडा गाडी चालवून पाहिल्यावरच करावा, पाण्याच्या बाबतीतही तेच करायला हवे होते, असे मी म्हणेन. काट्याच्या बाबतीत मात्र मी चाहत्यांच्याच बाजूचा आहे. इंजिनाच्या वेगाबरोबर थरथरत वर चढणारा तो काटा चालकाला नजर न वळवता इंजिनाची अवस्था सांगत असे, आणि तो ठेवल्याने गाडीच्या नव्या यंत्रणेत काहीही अडत नव्हते.