ल्युपस आणि नोकरी: एका वहीची हकीकत

श्रोतेहो, नमस्कार.

ल्युपस हा आजार संसर्गाने पसरत नाही. शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारशक्तीच यात सांध्यांवर, त्वचेवर, कधी मूत्रपिंडांवर उलटते. दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात आणि आजार बहुधा १५ ते ४५ या वयात, म्हणजे ऐन कमावत्या वर्षांत, गाठतो. नोकरीच्या दृष्टीने त्याचे अवघड अंग हे, की तो चढतो आणि उतरतो. पुन्हा सांगते, तो चढतो आणि उतरतो. म्हणूनच काल धावपळ करणारी व्यक्ती आज जिना चढू शकत नाही, यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

माझ्या पूर्वीच्या कार्यालयात, हिशेब विभागात, माझ्या शेजारी एक बाई बसत. त्यांच्या नोंदींत कधी खाडाखोड सापडत नसे. ल्युपसचे निदान झाले आणि हजेरीपटावर उशिराच्या लाल खुणा वाढू लागल्या. सकाळी बोटे इतकी आखडत, की पेनाचे टोपण निघत नसे. खिडकीतले ऊन लागले की गालांवर चट्टे उमटत. डोक्यावरच्या एसीच्या गारव्याने बोटे आधी पांढरी, मग निळी पडत. साहेब म्हणत, "तुम्ही तर ठणठणीत दिसता." त्यांच्या रजेच्या दिवशी काम माझ्यावर आले की मीही मनातून कुरकुरत असे, याचे मला आजही वाईट वाटते.

बाईंनी वाद घातला नाही. एक वही घातली. बोटे किती वाजता मोकळी झाली, कोणत्या तासाला किती व्हाउचर तपासली, थकवा केव्हा आला, हे सात आठवडे रोज लिहिले आणि डॉक्टरांच्या पत्रासह ती वही साहेबांपुढे ठेवली. अकरानंतर त्यांचे काम कोणाहूनही कमी नव्हते, हे पानोपानी दिसत होते. हजेरीपट खुर्ची भरली का एवढेच सांगतो, काम झाले का ते सांगत नाही, असे माझे निरोगी माणसांच्या बाबतीतही ठाम मत आहे. बाईंनी मागितले ते इतकेच: तासभर उशिरा येऊन तासभर उशिरा जाणे, खिडकी व एसीपासून दूरचे टेबल, आणि तपासण्यांच्या दिवसांसाठी आधी ठरवलेला बदली माणूस. टेबल हलवायला मी स्वतः हात लावला.

आजाराचा सगळा तपशील कार्यालयाला सांगण्याची गरज नसते. कामात काय अडते आणि कशाने सुटते, तेवढे लेखी द्यावे. मात्र कामाच्या रेट्यात औषधे, विशेषतः स्टेरॉइड, स्वतःहून बंद करू नयेत.

पुढच्या वर्षी बाईंच्या मूत्रपिंडांना सूज आली. दोन महिन्यांनी त्या परतल्या, पहिला पंधरवडा अर्धा दिवस, मग पूर्ण वेळ. आणि कोपऱ्यातले ते टेबल तोवर कोणालाही दिलेले नव्हते.