ट्रॅकला कान नसतात

नमस्कार श्रोतेहो.

जानेवारीचा शेवटचा आठवडा आणि धुळ्याची रात्र. आपल्याकडे मे जसा भाजून काढतो, तसा जानेवारी हाडांत शिरतो, हे खानदेशातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. एका कॉलेजचं गॅदरिंग होतं. उघड्या मैदानात मंच, समोर मफलर गुंडाळून बसलेली पोरं, आणि मंचावर आमचा रॉक बँड. दोन गिटार, एक बेस, ड्रम आणि गाणारी एक मुलगी. की-बोर्ड वाजवणारा मित्र नोकरीसाठी पुण्याला गेलेला, म्हणून त्याचा भाग आम्ही आधीच रेकॉर्ड करून ठेवला होता. याला बॅकिंग ट्रॅक म्हणतात. आपले ऑर्केस्ट्रावाले नुसतं ‘ट्रॅक’ म्हणतात, मीही तेच म्हणेन. ट्रॅकचा लॅपटॉप माझ्याकडे होता.

गाणं मुळात काळी तीनमधलं. गायिकेला उंच पडत होतं, म्हणून तालमीत आम्ही ते पांढरी तीनवर आणलं आणि ट्रॅकही नव्याने तयार केला. जुनी फाइल मात्र मी पुसली नाही. दोन्हींची नावं जवळजवळ सारखी. थंडीने बोटं आखडलेली, समोर अंधार, ड्रमरने मान हलवली आणि मी जुनी फाइल लावली.

सुरुवातीला चार मात्रांची चार आवर्तनं नुसता की-बोर्ड होता, त्यामुळे कुणालाच काही कळलं नाही. मग गिटार आत आल्या आणि कानात कुणीतरी काच फोडावी तसं झालं. ट्रॅक एका पट्टीत, माणसं दुसऱ्या पट्टीत. मधे पूर्ण एका स्वराचं अंतर.

अशा वेळी माणूस काय करतो? आधी स्वतःवर संशय घेतो. एका गिटारवाल्याने वाजवता वाजवता एका तारेची खुंटी पिळली. त्याला वाटलं, थंडीने आपलीच गिटार गेली. बेसवाला स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला. गायिका माइक तोंडाशी धरून उभी, तिला सा सापडेना. मलाही आधी वाटलं की गिटारच चढल्यात. चूक माझ्या हाताखाली आहे हे कळायला वीसएक सेकंद गेली असतील. मग मी फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली ओढला. ट्रॅक गेला आणि सगळं क्षणात जुळलं, कारण माणसं मुळात बरोबरच होती. गाणं दोन गिटारांवर, जरा उघडं उघडं, पण शेवटपर्यंत गेलं. फक्त ज्याने प्रामाणिकपणे खुंटी पिळली, त्याची ती तार आता खरोखरच बिघडली होती. त्या तारेला हात न लावता त्याने सगळं गाणं वाजवलं. ते मी आजही विसरलेलो नाही.

हीच गोष्ट जगातल्या फार मोठ्या बँडच्या वाट्यालाही आली आहे. २९ सप्टेंबर २००७, अमेरिकेतलं ग्रीन्सबरो शहर, वॅन हेलन हा बँड. गिटारवर एडी वॅन हेलन. गेल्या पन्नास वर्षांत इलेक्ट्रिक गिटार वाजवण्याची रीत ज्यांनी बदलली, त्यांत त्याचं नाव पहिल्या काहींमध्ये घ्यावं लागतं. ड्रमवर भाऊ ॲलेक्स, बेसवर एडीचा सोळा वर्षांचा मुलगा वोल्फगँग. ‘जंप’ हे त्यांचं गाजलेलं गाणं की-बोर्डच्या धूनवर उभं आहे, आणि त्या रात्री ती धून ट्रॅकवरून आली, पण चढ्या सुरात. एडीने गिटार तिच्याशी जुळवायचा प्रयत्न केला. पट्टी बदलून बघितली, जागा बदलून बघितली. जुळेना. एवढा मोठा वादक, हजारो माणसांसमोर, आणि सूर हाताला लागत नाही. ते चित्रीकरण मी पुष्कळदा बघितलंय आणि दर वेळी पोटात कालवतं.

का जुळेना, ते नीट सांगतो, कारण ट्रॅक वापरणाऱ्या प्रत्येकाने हे समजून घ्यायला हवं. संगणकात आवाज साठवताना दर सेकंदाचे हजारो नमुने घेतले जातात. सीडीसाठी ४४,१००. व्हिडिओच्या कामात बहुतेक वेळा ४८,०००. आता ४४,१०० ने भरलेली फाइल यंत्राने ४८,००० च्या वेगाने वाचली, तर काय होईल? गाणं पळेल. चार मिनिटांचं गाणं जवळपास वीस सेकंद आधी संपेल आणि सूरही चढेल. तो किती चढेल, याचं गणित पक्कं आहे: सुमारे दीड सेमीटोन (सेमीटोन म्हणजे अर्धा स्वर). ग्रीन्सबरोच्या त्या रात्रीचं कारण म्हणून हेच सांगितलं जातं, आणि कानाला ऐकू येणारा फरकही तेवढाच आहे.

आता तुमच्या घरातली पेटी डोळ्यांसमोर आणा. गाणं पांढरी एकमधलं आहे. अर्धा स्वर चढला तर काळी एक, पूर्ण स्वर चढला तर पांढरी दोन. पण दीड सेमीटोन चढलेला सूर या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत पडतो. तिथे पट्टीच नाही! गिटारच्या दांडीवरही आडव्या धातूच्या पट्ट्यांमुळे, म्हणजे पडद्यांमुळे, तसंच असतं. एडी वर सरकला तरी कमी-जास्त, खाली आला तरी कमी-जास्त. आमची धुळ्याची चूक निदान पूर्ण स्वराची होती, दोन पडदे वर गेलो असतो तर सापडलो असतो. त्याला जायला जागाच नव्हती.

टेपच्या काळात तर फारच अवघड होतं. ‘द हू’ या इंग्रजी बँडचा ड्रमर कीथ मून सिंथेसायझरच्या टेपबरोबर राहता यावं म्हणून मोठे हेडफोन डोक्याला चिकटपट्टीने चिकटवून ड्रम वाजवायचा. नोव्हेंबर १९७३ मध्ये न्यूकॅसलला टेप आणि बँड यांची फारकत झाली. तेव्हा बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंडने भर कार्यक्रमात ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्या माणसाला धरलं आणि टेपा ओढून काढल्या. बँड मंच सोडून गेला, मग परत येऊन जुनी गाणी वाजवली. टाउनशेंडचा संताप मला समजतो. ध्वनीवाल्या माणसावर हात टाकणं मला मान्य नाही. मंचावर गाणाऱ्याइतकाच तोही त्या सुराला बांधलेला असतो.

आता आपल्या हवेबद्दल बोलतो, कारण खानदेशात सूर बिघडवायला ट्रॅकचीसुद्धा गरज पडत नाही. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. पोलादी तार तापली की लांबते, सैल पडते, सूर उतरतो. गार पडली की आखडते, सूर चढतो. संध्याकाळी पाचला उन्हात गिटार लावायची आणि रात्री नऊला वारा सुटल्यावर वाजवायची, म्हणजे मधल्या वेळात तिने सूर बदललेला असणारच. बासरी आणि क्लॅरनेटची गोष्ट नेमकी उलटी. त्यांच्यात हवा वाजते. २० अंशांना आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, ४० अंशांना सुमारे ३५५. म्हणून उन्हात फुंकीची वाद्यं चढतात. फुंकर उबदार असते त्यामुळे फरक थोडा भरून निघतो, सगळा नाही. म्हणजे एसीच्या खोलीत गिटार आणि बासरी जुळवून दोघांना मेच्या मांडवात आणा: एक खाली जाते, दुसरी वर. आणि की-बोर्ड किंवा ट्रॅक? तो जागचा हलत नाही. वाजतात तिघंही एकत्र, आणि ऐकणाऱ्याला नुसतं वाटत राहतं की काहीतरी कणसूर आहे.

हे पुस्तकातून कळण्याच्या किती तरी आधी मला आमच्या गल्लीतल्या बँडमास्तर आप्पांकडून कळलं होतं. लग्नसराईत भर दुपारी वरात निघायच्या आधी ते क्लॅरनेटवाल्याला गाडीवरच्या की-बोर्डशेजारी उभं करायचे. एक सूर धरायला लावायचे, डोळे मिटायचे, आणि क्लॅरनेटची नळी सांध्याशी जराशी बाहेर ओढायला सांगायचे. नळी लांबली की सूर उतरतो. पोरगा घाई करायला लागला की अहिराणीत म्हणायचे, “भो, पहिले आयक, मंग फुक.” आप्पांनी आयुष्यात रॉक ऐकलं नसेल, पण ग्रीन्सबरोला त्या रात्री नेमक्या याच पाच मिनिटांची गरज होती, असं मला मनापासून वाटतं.

मुक्ताईनगरच्या बाजूला कीर्तन सप्ताह ऐकला असेल तुम्ही. बुवा रंगात येतात, सूर वर घेतात, अन् पेटीवाला पाठोपाठ सरकतो. मृदंगवाला लय वाढवतो, टाळकरी ओढले जातात. तिथे प्रत्येक जण दुसऱ्याला ऐकतो. ट्रॅक असा ऐकत नाही. ड्रमर दोन मात्रा चुकला तरी तो पुढे निघून जातो, गायिकेला ठसका लागला तरी थांबत नाही. म्हणून ट्रॅकवर काम करणारा बँड जास्त तयारीचा लागतो.

यावर काही जण म्हणतात, मग ट्रॅक वापरूच नका, ती फसवणूक आहे. मी तसं म्हणणार नाही. चार पोरांच्या बँडला वीस व्हायोलिन कुठून परवडणार? पण लोकांपासून लपवणं मला पटत नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या सुपर बोलच्या, म्हणजे तिथल्या फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, मध्यंतरात रेड हॉट चिली पेपर्स या रॉक बँडच्या गिटारांना वायरच लावलेली नाही, हे प्रेक्षकांच्या लक्षात आलं. बेसवादक फ्लीने मग सरळ लिहून सांगितलं की वाद्यं आधी रेकॉर्ड केलेली होती आणि गायन तेवढं प्रत्यक्ष होतं. त्या सरळपणाबद्दल मला त्याचा आदर वाटतो. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात निवेदकाने एक वाक्य सांगितलं, ‘व्हायोलिन ट्रॅकवर आहेत, बाकी सगळं समोर वाजतंय’, तर रसिक काही उठून जात नाहीत. उलट जे समोर वाजतंय त्याकडे जास्त लक्ष देतात.

धुळ्याच्या त्या रात्रीनंतर माझी पद्धत बदलली. फाइलच्या नावात आधी पट्टी, मग लय, मग गाणं. जुनी फाइल त्याच दिवशी लॅपटॉपवरून हलवायची. यंत्राची ४४,१०० की ४८,००० ही नोंद मंचावर पोहोचल्यावर पुन्हा बघायची, कारण मधे कुणी तरी त्यावर सिनेमा बघितलेला असतो. ट्रॅक मोबाइलवर असेल तर विमान मोड, नाहीतर गाण्याच्या मध्यात कुणाच्या तरी मामांचा फोन वाजतो. गिटार अर्धा-पाऊण तास मंचावरच्या हवेत उघड्या ठेवायच्या आणि मगच लावायच्या. आणि फेडरवरचं बोट गाणं संपेपर्यंत उचलायचं नाही. ट्रॅक बंद करायचा निर्णय एकाचाच, आणि तो कुणाचा हे आधी ठरलेलं.

येत्या मे महिन्यात रावेरजवळच्या एका गावी आमचा कार्यक्रम आहे, केळीच्या बागांना लागून. गायिका तीच. लोक यायच्या आधी मी प्रत्येक ट्रॅक पाच सेकंद लावतो आणि बंद करतो. त्या शांततेत ती सा लावते. गिटारवाला एक तार छेडतो. तिघं थांबून ऐकतो, आणि पुढचा ट्रॅक लावतो.