आबांच्या सेटची चिवचिव

[काळा पडदा. रिसीव्हरमधून मोर्सचा आवाज.]

कान देऊन ऐका. प्रत्येक डॅश एका सुरात सुरू होतो आणि घसरत दुसऱ्याच सुरात जाऊन थांबतो. हॅम मंडळी, म्हणजे लायसन्स काढून हौसेने रेडिओवर बोलणारे, याला चर्प म्हणतात. आबा म्हणतात चिवचिव.

मोर्सवर बोलणारे एकमेकांना सिग्नलचा रिपोर्ट तीन आकड्यांत देतात. किती कळतंय, जोर किती आहे आणि सूर कसा आहे. आबांना परवा मिळाला ५७९ आणि त्यामागे एक 'सी'. सी म्हणजे चर्प. शेरा सभ्य, पण शेराच.

[सेट समोरून. मग झाकण काढून, वरून.]

कोल्हापूर. टेबलावरचा हा ट्रान्समीटर आबांनी तरुणपणी स्वतः जुळवला. चॅसी, म्हणजे पत्र्याचा सांगाडा, उद्यमनगरात वाकवून आणली, व्हॉल्व्हच्या (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्यांच्या) सॉकेटची भोकं घरी कानशीने मोठी केली. ती पुरती गोल नाहीत, हे जवळून लगेच दिसतं.

डोक्यावर टोपी असलेला हा उंच व्हॉल्व्ह म्हणजे ८०७. याच्यावर आमचा कॅमेरा जरा जास्तच रेंगाळला आहे, त्याला इलाज नाही. अमेरिकेच्या आरसीए कंपनीने १९३०च्या दशकात तो बाजारात आणला. अँप्लिफायरमधून ओळखीचा असलेला ६एल६ हा त्याचा सख्खा भाऊ. दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांमध्ये जो वायरलेस सेट नंबर १९ बसवत, त्याच्या शेवटच्या टप्प्यात हाच होता. युद्ध संपलं आणि लष्कराचा डिस्पोजलचा माल भंगारात आला. हौशी रेडिओवाल्यांच्या हाती अचानक असा व्हॉल्व्ह पडला, की ज्याच्या अॅनोडवर ६०० व्होल्ट दिले तर अँटेनाला चाळीसेक वॉट मिळतात. तेही खिशाला परवडेल अशा दरात! आपल्याकडचे कितीतरी जण पहिल्यांदा हवेवर आले ते याच काचेच्या जोरावर.

[क्रिस्टल, तळहातावर.]

अडचण होती ती क्रिस्टलची. क्वार्ट्झची ही चकती एकाच फ्रीक्वेन्सीवर बोलते. तिथे दुसरं कोणी बोलत असलं, तर गप्प बसायचं. त्यावर तोड म्हणजे बाहेरचा व्हीएफओ. फ्रीक्वेन्सी हवी तशी फिरवता येणारा ऑसिलेटर, म्हणजे लहरी तयार करणारं सर्किट, वेगळ्या डब्यात. जुन्या रेडिओतला स्टेशन फिरवायचा गँग कंडेन्सर, हाताने गुंडाळलेली कॉइल, दोन व्हॉल्व्ह. आबांचा व्हीएफओ साडेतीन मेगाहर्ट्झवर चालतो. त्याची केबल क्रिस्टलच्या सॉकेटात जाते आणि सेटमधला दुसरा व्हॉल्व्ह, ६व्ही६, त्या फ्रीक्वेन्सीची दुप्पट करून सात मेगाहर्ट्झ, म्हणजे चाळीस मीटरचा बँड, ८०७च्या हवाली करतो.

[नात, मीटर हातात.]

आबांची नात इलेक्ट्रॉनिक्स शिकते. लायसन्स तिच्याकडेही आहे. केबल लावण्याआधी ती क्रिस्टलच्या सॉकेटवर मीटर धरते. काही जुन्या सर्किटमध्ये या सॉकेटच्या एका पायावर थेट प्लेटचा, म्हणजे अॅनोडचा, व्होल्टेज असतो, त्यात डोळे झाकून काही खुपसायचं नसतं. इथे नाही. फिल्टरचे कंडेन्सर तिने मागेच बदललेत आणि सेटला पहिल्यांदा वीज दिली ती सिरीज लॅम्पमधून, म्हणजे वाटेत एक बल्ब जोडून.

"आबा, क्रिस्टल लावा आधी."

"क्रिस्टलवर चिवचिव नाही गं."

"तेच तर बघायचंय."

क्रिस्टलवर सूर सरळ. म्हणजे ६व्ही६ निर्दोष, ८०७ निर्दोष आणि मोर्स वाजवायची कळ, म्हणजे 'की', तीही निर्दोष. अर्धा सेट एका मिनिटात संशयातून सुटला. "जुना सेट आहे, चालायचंच" म्हणणाऱ्यांनी हे दृश्य दोनदा बघावं.

दुसरा संशय असा, की अँटेनाची आरएफ, म्हणजे रेडिओलहरींची शक्ती, केबलवरून उलटी फिरून व्हीएफओत शिरते आणि त्याला ओढते. म्हणून अँटेना काढली आणि तिच्या जागी ६० वॉटचा साधा बल्ब जोडला. आता बाहेर जाणारी सगळी शक्ती या बल्बात. चिवचिव तरीही आहेच.

[खोलीतला दिवा बंद. हा शॉट कापू नये.]

आता दोन्ही डबे एकाच चौकटीत बघा. डावीकडे व्हीएफओ, झाकण उघडं. त्यातला जांभळट उजेड व्हीआर-१५०चा. या व्हॉल्व्हमध्ये गॅस असतो. वरचा व्होल्टेज थोडा इकडेतिकडे झाला, तरी ऑसिलेटरला तो १५० व्होल्टच देतो. उजवीकडे तो बल्ब. आबा की दाबतात. बल्ब पेटतो आणि त्याच क्षणी जांभळा उजेड विझतो. की सोडली, बल्ब विझला, जांभळा परत आला. आबा पुन्हा दाबतात. पुन्हा तेच.

चिवचिव इथे डोळ्यांनी दिसते.

[मीटर, आणि वहीचं पान.]

हिशेब वहीत आहे. की मोकळी असताना व्हीएफओकडे जाणारा सप्लाय ३०० व्होल्ट. ती दाबली, की ८०७ची स्क्रीन, म्हणजे आतली एक जाळी, त्यातूनच करंट ओढू लागते आणि तो २४०वर येतो. व्हीएफओला स्वतःला १० मिलीअँपियर लागतात आणि व्हीआर-१५० नीट पेटता राहायचा, तर त्याला किमान ५ हवेत. सप्लाय आणि व्हीआर यांच्यामधला रेझिस्टन्स ५ किलोओमचा असेल, तर २४० व्होल्टलाही १८ मिलीअँपियर मिळतात. दोघांचं भागतं, वर तीन उरतात.

मग भागत का नाही?

[डब्याच्या तळाशी, अगदी जवळून.]

हे त्याचं उत्तर. १० किलोओमचे दोन कार्बन रेझिस्टन्स, शेजारी शेजारी, पॅरलल. तपकिरी, काळा, नारिंगी. पण करपून तपकिरी आणि काळा यांतला फरकच उरलेला नाही. हे आहेत दोन दोन वॉटचे आणि प्रत्येकात सव्वादोन वॉट जिरत होते. कार्बन असा वर्षानुवर्षं तापत राहिला, की त्याची किंमत चढत जाते. एक पाय सोडवून मोजला. २० किलोओम. दुसराही २०. म्हणजे पाचाऐवजी दहा. की दाबल्यावर मिळणार फक्त ९ मिलीअँपियर आणि व्हीएफओ एकटाच १० मागतो. व्हीआरच्या वाट्याला काहीच नाही. तो विझतो, ऑसिलेटरचा व्होल्टेज घसरतो, त्याबरोबर सूर.

सेट बंद. कंडेन्सर लाकडी दांड्याच्या हुकने आधी अर्थिंगला टेकवून रिकामा केला, ती ठिणगी आहे चित्रात. ६०० व्होल्ट जिवावर बेततात. मग नवा तुकडा बसला. ४.७ किलोओम, १० वॉट, वायरवाउंड, पांढऱ्या चिनी मातीचा.

[पुन्हा अंधार. दोन्ही दिवे.]

की दाबली. दोन्ही पेटलेले.

[गँग कंडेन्सर, तिरप्या उजेडात.]

एक बारीक दोष राहिला होता. डब्यावर टिचकी मारली, की सूर उडी घ्यायचा. गँगच्या फिरत्या पात्यांना अर्थिंग देणारी ही छोटी पितळी स्प्रिंग, तिच्यावर काजळी. स्पिरिट आणि जुना ब्रश, काम झालं.

असा घसरणारा, उड्या मारणारा सूर घेऊन बँडवर गेलं, की शेजारच्या फ्रीक्वेन्सीवाल्यांना त्रास होतो आणि लायसन्सच्या अटींमध्येही ते बसत नाही.

[अँटेनाची तार, गच्चीवरून. मग आबांचा हात कीवर.]

हा संध्याकाळचा सीक्यू, म्हणजे 'कोणी ऐकतंय का' अशी सगळ्यांना घातलेली साद. व्हीएफओ अर्धा तास आधी चालू करून ठेवला होता. कॉइल तापायला तेवढा वेळ घेते, तो तिला द्यावाच लागतो. उत्तर आलं, रिपोर्ट आला. ५८९. पुढे सी नाही.

नात झाकण लावायला घेते. आबा तिला थांबवतात.

"राहू दे की. आवाज पाठवायचा मॉड्युलेटर कुठे बघितलायस अजून?"