चुन्याची पुडी आणि बुबुळाची कड

नमस्कार मंडळी, आज डोळ्यांच्या ऑपरेशनबद्दल बोलायचंय, पण मोतीबिंदू नको, त्याच्यावर सगळेच बोलतात. मी सुरुवात करते तुमच्या खिशातल्या चुन्याच्या पुडीपासून.

डोळ्यांच्या ओपीडीत काम करताना हा प्रकार मी बऱ्याचदा बघितलाय. आजोबा तंबाखू मळतात, पुडी खाटेवर तशीच राहते, नातू खेळता खेळता ती दाबतो, प्लास्टिक फुटतं आणि चुना सरळ डोळ्यात. मग पोराला आणतात तेव्हा डोळ्यात कुणी तूप घातलेलं असतं, कुणी दूध, आणि पापणी उलटी केली की आत चुन्याचे कण अजून चिकटलेले. अहो, आधी पाणी! नळाखाली धरा, चांगलं अर्धा तास धरा, रडलं तर रडू दे, आणि मग पळा दवाखान्यात.

ॲसिड बऱ्याचदा वरवर भाजून थांबतं, चुना थांबत नाही, तो आत आत मुरत जातो. आणि खरं नुकसान करतो ते बुबुळाच्या कडेचं. काळं आणि पांढरं जिथे मिळतं ना, त्या गोल कडेला लिम्बस म्हणतात. कॉर्निया म्हणजे समोरची पारदर्शक काच, तिच्यावरची पातळ साल सारखी झिजते आणि नवी साल या कडेतल्या स्टेम सेल्समधून, म्हणजे नव्या पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशींमधून येते. कड जळाली की पांढऱ्यावरची कातडी रक्तवाहिन्या घेऊन काचेवर चढते, लोक म्हणतात फूल पडलं.

मग नेत्रदानातली कॉर्निया बसवा की, असं नातेवाईक हमखास म्हणतात. पहिलं यशस्वी कॉर्निया रोपण झालं ते चुन्याच्याच पेशंटवर, ७ डिसेंबर १९०५ ला, आत्ताच्या चेक देशातल्या ओलोमोउत्स गावी. डॉक्टर एडुआर्ड झिर्म, पेशंट चुन्याने दोन्ही डोळे भाजलेला एक मजूर, आणि कॉर्निया मिळाली ११ वर्षांच्या मुलाची, ज्याचा डोळा जखमेमुळे काढावा लागला होता. दोन्ही डोळ्यांना बसवली, टिकली एकाच डोळ्यात. मला वाटतं त्या डोळ्याची कड थोडीफार जिवंत असणार, कारण कडच मेलेली असेल तर नवी काच बसवूनही तिच्यावर साल धरत नाही, ती पुन्हा पांढरी होते.

म्हणून आधी कड. यात आपल्या शेजारच्या हैदराबादने कमाल केली. पूर्वी कडेच्या या पेशी लॅबमध्ये वाढवाव्या लागायच्या, वेळ जायचा, खर्च तर विचारूच नका. एल. व्ही. प्रसाद आय इन्स्टिट्यूटच्या डॉ. वीरेंद्र सांगवान आणि मंडळींनी २०१२ मध्ये स्लेट नावाची पद्धत मांडली. चांगल्या डोळ्याच्या कडेतून जेमतेम दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे आठ-दहा बारीक कण करायचे, खराब डोळ्यावरची चढलेली कातडी सोलून तिथे बाळाभोवतीच्या पिशवीचं पातळ आवरण गोंदासारख्या फायब्रिन ग्लूने चिकटवायचं (सिझेरियननंतर आईच्या परवानगीने, तपासण्या करून घेतात ते), त्यावर हे कण रोप लावल्यासारखे गोलाकार ठेवायचे आणि वरून कॉन्टॅक्ट लेन्स. लॅब नाही, डोळाच नर्सरी! डोळ्याची लाली, सूज पूर्ण बसल्यावरच हे करतात, त्यामुळे घाई करणाऱ्या आईबापांना मी चहा पाजून बसवते.

दोन्ही डोळे गेले असतील तर जवळच्या नातेवाइकाची कड घेता येते, पण मग शरीराने ती नाकारू नये म्हणून गोळ्या घ्याव्या लागतात. अगदीच कोरड्या पडलेल्या डोळ्यात तर पेशंटच्याच दाताच्या आधारावर प्लास्टिकची भिंग बसवतात, खरंच सांगते, दात!

स्लेटनंतरच्या तपासणीत आम्ही डोळ्यात पिवळ्या रंगाचा थेंब घालतो आणि निळा उजेड टाकतो, साल नसेल तिथे हिरवं चमकतं. साधारण दोन आठवड्यांत ते हिरवं आकसत जातं. खोलवर डाग उरला असेल तर पुढे कॉर्निया बदलता येते, आणि तेव्हा ती टिकण्याचा चान्स बराच चांगला असतो. तोवर पाच-सहा वर्षांच्या पोराला डोळा चोळू न देणं हे आईचं काम, रात्री वरून प्लास्टिकची वाटी चिकटवायची आणि सकाळी ती उशीखाली सापडली की पुन्हा चिकटवायची.