कडेचा एक मीटर

पहाटे गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या राहतात, तेव्हा कोल्हापुरातली पहिली सायकल रस्त्यावर आलेली असते. थोड्या वेळाने जेवणाच्या डब्याची पिशवी हँडलला अडकवून शिवाजी उद्यमनगराकडे निघालेले कामगार दिसू लागतात आणि त्यांच्यापाठोपाठ शाळेची मुले येतात. सायकलीचा प्रसार म्हटले की रविवारी सकाळी रंकाळ्याभोवती निघणारी फेरी डोळ्यांसमोर येते. तिचे स्वागतच आहे. परंतु सोमवारी ज्याला सायकलीवाचून गत्यंतर नसते, त्याच्यासाठी शहराने काय केले, हा प्रश्न आम्हांला अधिक मोलाचा वाटतो.

महानगरपालिकेचे क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे घर, शाळा, मंडई आणि कारखाना यांतली बहुतेक अंतरे सायकलीने पंधरा-वीस मिनिटांत कापता येतात. राजारामपुरीकडून विद्यापीठाकडे जाताना चढ लागतो आणि पावसाळ्यात भिजावेही लागते, हे खरे आहे. तरीही चढापेक्षा आणि पावसापेक्षा भीतीनेच अधिक लोकांची सायकल सोडवली, असे आमचे ठाम मत आहे.

ही भीती कुठून येते, हे पाहण्यासाठी रस्त्याच्या डाव्या कडेला थोडे वाकून बघावे. डांबराचे थरावर थर चढल्याने कडेचे पेव्हर ब्लॉक दोन-तीन बोटे खाली राहिलेले असतात, आणि पावसाच्या पाण्यासाठी बसवलेल्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेनेच असल्या, तर सायकलीचे पुढचे चाक नेमके त्या फटीत उतरते. पुढे गाडी उभी असते, म्हणून सायकलस्वार उजवीकडे सरकतो, आणि मागून हॉर्न वाजतो. चालती सायकल थोडी डुलते. ते डुलणे धरून तिला साधारण एक मीटर रुंदी लागते. उसाच्या हंगामात शेजारून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर जातो, तेव्हा या एका मीटरची किंमत कळते.

रुंद रस्त्यांवर हा मीटर वेगळ्या, थोड्या उंचावलेल्या मार्गिकेने देता येतो. नुसता रंगाचा पट्टा ओढला, तर दुसऱ्याच दिवशी तेथे वाहने उभी राहतात, आणि मार्गिका चौकाआधी संपली, तर जिथे धोका सर्वांत मोठा तिथेच सायकलस्वार उघडा पडतो. तुकड्या-तुकड्यांनी झालेल्या पुण्यातील मार्गिकांनी हेच दाखवले. शिवाजी पेठ किंवा मंगळवार पेठेत मात्र वेगळ्या मार्गिकेला जागाच नाही. तेथे उपाय वेगाचा आहे. वेग निम्मा झाला की धडकेची ऊर्जा एक चतुर्थांश होते. म्हणूनच रस्ते सुरक्षेविषयीच्या २०२० च्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम जाहीरनाम्याने पादचारी, सायकली आणि वाहने जिथे एकत्र येतात, तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा सुचवली.

आज सायकलींचा देश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नेदरलँड्समध्ये १९७१ या एका वर्षात ४०० हून अधिक मुले रस्त्यांवर मृत्युमुखी पडली होती. त्यानंतर पालक रस्त्यावर उतरले, आणि पुढे तिथल्या रस्त्यांची आखणी बदलत गेली. कोल्हापूरला हे समजावून सांगण्याची गरज नाही. टोल हटवण्यासाठी हे शहर घराघरांतून बाहेर पडले होते आणि टोल रद्द होईपर्यंत थांबले नव्हते. तीच चिकाटी आता कागदावर दाखवावी लागेल. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार शहराच्या विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांकडून हरकती व सूचना मागवाव्या लागतात, आणि त्या देणाऱ्यांना सुनावणीत आपले म्हणणे मांडता येते.

त्या अर्जात ‘सायकलस्वारांची सोय करावी’ एवढेच लिहून भागत नाही. कोणता रस्ता, कोणत्या चौकापासून कोणत्या चौकापर्यंत, सध्याची रुंदी किती, मार्गिका चौक कशी ओलांडेल आणि शाळा सुटताना तेथून किती सायकली जातात, हे टेप आणि वही घेऊन गल्लीतल्या चार जणांनी स्वतः मोजून लिहावे. जाळीसाठी आराखड्याची वाट पाहण्याचे कारण नाही. विभागीय कार्यालयात त्या जागेच्या छायाचित्रासह अर्ज द्यावा, आणि जाळी आडव्या पट्ट्यांची बसेपर्यंत त्याच्या पोचपावतीची तारीख लक्षात ठेवावी.