माग तोच, नक्षी वेगळी : दूरसंचार नेटवर्कच्या आभासीकरणाची गोष्ट

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमाग सुरू झाले की त्यांचा खडखडाट गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतो. समोरच्या मागावर चादर विणली जात आहे. मागाच्या डोक्यावर बसवलेल्या जकार्डमधून छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ एकेक पुठ्ठ्याने पुढे सरकते, आणि त्या छिद्रांनुसार ताण्याचे ठरावीक धागे वर उचलले जातात. मोर उमटणार की वेलबुट्टी, हे पुठ्ठ्यांवर ठरलेले असते. नवी नक्षी हवी असेल तर कारखानदार नवा माग आणत नाही. तो माळ बदलतो. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास ही युक्ती सिद्ध केली आणि पुढे ती सोलापुरी चादरीची ओळख बनली.

आपल्या खिशातल्या मोबाइलमागचे नेटवर्क मात्र अगदी अलीकडेपर्यंत वेगळ्या रीतीने बांधले जात असे. ग्राहकाची नोंद ठेवणारे एक यंत्र, कॉल जोडणारे दुसरे, इंटरनेटकडे वाट काढून देणारे तिसरे आणि सुरक्षेसाठी फायरवॉल चौथे, अशी प्रत्येक कामाला स्वतंत्र पेटी असे. यंत्र आणि त्यातले सॉफ्टवेअर एकाच पुरवठादाराचे, एकमेकांत घट्ट बसवलेले. नवी सेवा सुरू करायची म्हणजे नवी पेटी मागवायची, तिच्यासाठी जागा, वीज आणि वातानुकूलन यांची सोय करायची आणि ती चालवणारी माणसे तयार करायची. प्रत्येक नक्षीसाठी वेगळा माग विकत घेण्यासारखाच हा कारभार होता.

ऑक्टोबर २०१२ मध्ये जर्मनीतील डार्मस्टाट येथे भरलेल्या परिषदेत १३ दूरसंचार कंपन्यांनी एकत्र येऊन एक निवेदन प्रसिद्ध केले. त्यांत एटी अँड टी, बीटी, डॉइश टेलिकॉम, टेलिफोनिका, व्हेरायझन आणि चायना मोबाइल अशी मोठी नावे होती. ही सारी कामे सॉफ्टवेअरच्या रूपात, बाजारात सहज मिळणाऱ्या साध्या सर्व्हरवर चालवता आली पाहिजेत, अशी त्यांची मागणी होती. यालाच नेटवर्कचे आभासीकरण म्हणतात. एका सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रे, म्हणजे सॉफ्टवेअरने भासवलेले स्वतंत्र संगणक, चालवण्याचे तंत्र आयबीएमने १९६० च्या दशकातच विकसित केले होते. नवे होते ते एवढेच, की खरेदीदारांनी एकत्र येऊन विक्रेत्यांना आपली गरज सांगितली. त्याच वर्षाच्या अखेरीस युरोपातील ईटीएसआय या मानक संस्थेत यासाठी कार्यगट स्थापन झाला.

या मागणीमागचे अर्थकारण समजून घ्यायचे असेल तर सोलापुराहून सुमारे ७० किलोमीटरवरच्या पंढरपूरला जावे लागेल. आषाढी एकादशीला चंद्रभागेच्या वाळवंटात लाखो वारकरी जमतात आणि त्यांतल्या बहुतेकांजवळ फोन असतो. गर्दी सरकू लागते, तसे हे फोन एका टॉवरकडून दुसऱ्याकडे जातात, नेटवर्कला आपला ठावठिकाणा कळवतात, तुटलेली जोडणी पुन्हा मागतात. कोणी कॉल केला नाही तरी संदेशांची ही वर्दळ थेट कोअरपर्यंत, म्हणजे मोठ्या शहरांतील डेटा सेंटरमध्ये बसलेल्या नेटवर्कच्या मेंदूपर्यंत पोहोचते. पेट्यांच्या जमान्यात वर्षातल्या सर्वाधिक गर्दीच्या दिवसाचा हिशेब धरून क्षमता विकत घ्यावी लागे, आणि उरलेले दिवस ती बरीचशी पडून राही. आभासी नेटवर्कमध्ये नोंदणी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आणखी प्रती त्याच सर्व्हरवर चालू करता येतात आणि पालखी परतल्यावर ती जागा दुसऱ्या कामाला देता येते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण या तंत्रज्ञानाच्या जाहिरातींत ती हमखास वगळली जाते. कोअर कितीही लवचिक झाला तरी वाळवंटावरच्या हवेतला स्पेक्ट्रम, म्हणजे फोनसाठी राखलेला रेडिओलहरींचा पट्टा, तेवढाच राहतो. तो लाखो माणसांत वाटायचा तर जवळजवळ टॉवर हवेत, म्हणूनच अशा गर्दीच्या ठिकाणी चाकांवरचे तात्पुरते टॉवर आणून उभे करावे लागतात. दशमीच्या रात्री घरी फोन लागला नाही, तर त्याचे कारण बहुधा या हवेतल्या वाटणीत असते.

२०१२ नंतरची पहिली काही वर्षे अपेक्षेपेक्षा संथ गेली. दूरसंचार क्षेत्रात ९९.९९९ टक्के उपलब्धतेचा दंडक आहे. वर्षभरात सव्वापाच मिनिटांहून थोडा अधिक वेळ यंत्रणा बंद राहिली तरी तो मोडतो. सर्वसाधारण सर्व्हरवर प्रत्येक डेटा पॅकेट ऑपरेटिंग सिस्टिमच्या दारातून जाऊ लागले की वेग घसरे. त्यावर इंटेलने पुढे आणलेल्या डीपीडीकेसारख्या साधनांनी नेटवर्क कार्डाशी थेट बोलण्याची वाट काढली. पण खरी अडचण पुरवठादारांच्या सवयीची होती. अनेकांनी पेटीतले जुने सॉफ्टवेअर जसेच्या तसे उचलून आभासी यंत्रात ठेवले, आणि प्रत्येकाने ते सांभाळणारी व्यवस्था स्वतःची वेगळी दिली. पेट्या गेल्या, तरी पुरवठादारावरचे अवलंबित्व राहिले.

या काळात दोन कंपन्यांनी घेतलेली दिशा लक्षात घेण्याजोगी आहे. एटी अँड टीने २०२० पर्यंत आपले ७५ टक्के नेटवर्क आभासी करण्याचे लक्ष्य जाहीर केले, त्यासाठी लिहिलेले नियंत्रण सॉफ्टवेअर २०१७ मध्ये सर्वांसाठी खुले केले, आणि २०२१ मध्ये आपले नेटवर्क क्लाउडचे तंत्रज्ञान मायक्रोसॉफ्टकडे सोपवून ५जी कोअर तिच्या व्यासपीठावर नेण्याचा निर्णय घेतला. जपानमध्ये राकुतेन मोबाइलने एप्रिल २०२० मध्ये पहिल्या दिवसापासून संपूर्ण आभासी असलेले नेटवर्क सुरू केले. त्याची उभारणी करणारे तारेक अमीन त्याआधी भारतात जिओमध्ये काम करत होते. राकुतेनजवळ जुन्या पेट्या नव्हत्या, हा तिचा मोठा लाभ होता. तरीही टॉवर उभारणी आणि ग्राहक मिळवण्याचा खर्च टळला नाही आणि तिच्या मोबाइल व्यवसायाला अनेक वर्षे मोठा तोटा सोसावा लागला.

या बाजारपेठेचा नेमका आकार एका आकड्यात सांगण्याचा मोह मी टाळतो. कोणी त्यात सर्व्हर धरतो, कोणी केवळ सॉफ्टवेअर, तर कोणी जोडणी-देखभालीच्या सेवाही. त्यामुळे अंदाजांत जमीन-अस्मानाचे अंतर पडते. पैसा कोणत्या क्रमाने गेला, हे मात्र दिसते: आधी डेटा आणि व्हॉइस कोअरमध्ये, आणि सर्वांत सावकाश टॉवरच्या रेडिओ यंत्रणेत. वाढीला खरा जोर दिला तो ५जीच्या रचनेने. मोबाइल नेटवर्कची मानके ठरवणाऱ्या ३जीपीपी या जागतिक संघटनेच्या, २०१८ मध्ये पूर्ण झालेल्या पंधराव्या आवृत्तीत ५जी कोअर मुळातच परस्परांशी बोलणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअर सेवांचा समूह म्हणून आखला गेला. त्यानंतर आभासीकरण हा वेगळा घेण्याचा निर्णय उरला नाही. ५जी कोअर घेतला की ते सोबतच आले.

भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी ५जीचा आरंभ झाला. जिओने स्वतंत्र ५जी कोअरचा मार्ग घेतला, तर एअरटेलने सुरुवातीला ४जी कोअरच्या आधाराने ५जी दिले. माझ्या मते याहून महत्त्वाची घटना २७ सप्टेंबर २०२५ ची आहे. त्या दिवशी ओडिशातील झारसुगुडा येथून बीएसएनएलच्या स्वदेशी ४जी यंत्रणेचे लोकार्पण झाले. सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेचा कोअर, तेजस नेटवर्क्सची रेडिओ यंत्रणा आणि टीसीएसची जोडणी असलेली ही यंत्रणा क्लाउडवर आधारित आहे आणि सॉफ्टवेअर बदलून ती ५जीकडे नेता येईल, अशा बेताने आखली आहे.

सॉफ्टवेअरवर विसंबण्याची किंमतही या क्षेत्राला कळली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही आभासीकरणातील अग्रगण्य कंपनी विकत घेतली आणि कायमस्वरूपी परवाने बंद करून वर्गणीची पद्धत आणली. २०२४ मध्ये एटी अँड टी या बदलावरून उठलेल्या वादात न्यायालयात गेली. त्याच वर्षी तडजोड झाली. तेव्हापासून, अनेक सर्व्हरवर चालणारे सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या कुबेरनेटीससारख्या खुल्या साधनांकडे ओढा वाढला आहे.

सोलापूरच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या साऱ्यातली सर्वांत मोलाची बाब कदाचित हीच आहे. पूर्वी एक्स्चेंजचे यंत्र शिकायचे तर ते यंत्र ज्या इमारतीत असेल तेथे प्रवेश मिळवावा लागे. आज ओपन५जीएस नावाचा संपूर्ण ५जी कोअर विनामूल्य उपलब्ध आहे आणि तो साध्या लॅपटॉपवर लिनक्समध्ये चालतो. जवळ टॉवर नसला तरी यूईरॅनसिम हे दुसरे खुले सॉफ्टवेअर टॉवर आणि फोन या दोघांची भूमिका वठवते. विद्यार्थी आज्ञा देतो, पडद्यावर ओळी सरकू लागतात. आभासी फोन आपली ओळख सांगतो, कोअर ती पडताळून पाहतो, फोनला आयपी पत्ता मिळतो आणि पहिले पॅकेट बाहेर पडते.