दगड झालेली प्रवाळं आणि पाण्याची खोली

नमस्कार मंडळी! आज कोरल रीफबद्दल, म्हणजे प्रवाळांनी समुद्रात बांधलेल्या खडकांबद्दल बोलू, पण जिवंत नाही हं, दगड झालेल्या, लाखो वर्षांपूर्वीच्या. मला तर हीच जास्त आवडतात, कारण हवेचं नळकांडं पाठीवर न लावता कोरड्या जमिनीवर उभं राहून त्यांची आतली रचना बघता येते.

कॅरिबियनमधलं बार्बाडोस बेट घ्या. हे बेट हळूहळू वर उचललं जातंय, त्यामुळे जुन्या रीफ एकेक करून समुद्राबाहेर आल्यात, वरच्या जुन्या आणि खालच्या नव्या, त्यातल्या एकीचं वय साधारण 1,25,000 वर्षं. 1960च्या दशकात तिथे भूशास्त्रज्ञांनी कुठे कुठलं प्रवाळ आहे ते नीट तपासलं, तर सगळं खोलीप्रमाणे लागलेलं! लाटा फुटतात त्या उथळ भागात ॲक्रोपोरा पामाटा, जाडजूड, रुंद फांद्यांचं. त्याच्या खाली त्याचंच बारीक फांद्यांचं भावंड, ॲक्रोपोरा सर्व्हिकॉर्निस, आणि आणखी खाली मोठमोठे गोलसर गोळे.

असं का, तर मुख्य कारणं दोन, उजेड आणि लाटा. प्रवाळाच्या अंगात शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न बनवतं आणि त्यावर प्रवाळ जगतं, म्हणजे जसजसं खोल जाल तसतसा उजेड कमी आणि जेवणही कमी. म्हणून काही जाती खोलात गेल्या की आकारच बदलतात, वर गोल किंवा खांबासारख्या आणि खाली पातळ, पसरट, म्हणजे जेवढा उजेड मिळेल तेवढा अंगावर घ्यायचा.

पण इथेच लोक फसतात. गढूळ पाण्यात उजेड वरच अडतो, तिथे उथळातही पसरट प्रवाळं सापडतात, शिवाय वादळात वरच्या फांद्या मोडून खाली घरंगळतात ते वेगळंच. त्यामुळे एका तुकड्यावरून खोली सांगणाऱ्यावर माझा तरी भरवसा नाही, प्रवाळ वाढलं तिथेच उभं आहे का आणि सोबतीला कोण आहे, हे बघावंच लागतं.

एवढी काळजी घेतली की मात्र भारी गोष्टी कळतात. पामाटा बहुतेक वरच्या 5 मीटरमध्येच वाढतं, म्हणजे ते जिथे सापडलं तिथेच जवळपास तेव्हाची समुद्रपातळी. बार्बाडोसजवळ समुद्रतळात ड्रिलिंग करून काढलेल्या अशाच पामाटावरून 1989 मध्ये दाखवलं गेलं की गेल्या हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होता!

आता खूपच मागे जाऊ, डेव्होनियन काळात, 36-38 कोटी वर्षांपूर्वी. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कॅनिंग बेसिनमध्ये त्या काळची अख्खी रीफ आहे, पण ती बांधणारे स्ट्रोमॅटोपोरॉइड नावाचे स्पंज होते, पामाटा वगैरे कुणी नाही, मग आजच्या जातींशी तुलना करून खोली कशी काढणार? तर तिथे युक्ती वेगळी. शिंपल्यांच्या पोकळीत तेव्हा गाळ बसला, आणि गाळ बसतो तो सपाटच, म्हणजे प्रत्येक पोकळीत आयती पाणसळ! तिच्यावरून रीफचा मूळचा उतार किती होता ते कळतं, उतारावरून खोली निघते. यातूनच 1969 मध्ये कळलं की तिथले काही स्ट्रोमॅटोलाइट, म्हणजे सूक्ष्मजीवांनी थरावर थर रचून बनवलेले दगड, जे तोवर हमखास उथळ पाण्याची खूण मानले जायचे, ते निदान 45 मीटर खोलीवर वाढत होते.